लाडू खाऊन एक स्टार

विक्या, शोरूमला जायचं तर जा, पण आधी खाली बस. सत्या, तीन चहा सांग रं. माझ्यात साखर कमी, डोकं आधीच तापलंय.

न्हाई, ऐक तर खरं. तुला गाडी घ्यायचीय, ॲपवर लावायचीय, आन् तू मला इचारतोस, "रुद्रा, बरं हाय का रं त्या धंद्यात?" आता बरं हाय का वाईट हाय ते असं एका दमात कसं सांगू? रविवारी दौंडला काय झालं ते सांगतो. मग तुझं तू ठरव.

ह्या सत्याला निम्मं ठाऊक हाय, म्हणून तर आत्ताच दात काढतोय बघ.

"मी कुठं हसतोय? सांग की तू."

हस, हस. तू कंपनीत परमनंट माणूस, तुझ्या हसण्याची बी हजेरी लागती.

तर, स्थळ. हर्षदाचं स्थळ. भिमामामानं आणलेलं, म्हंजी माझ्या आयेच्या भावानं. पोरगी दौंडची, तिथंच एका लॅबमधी रक्त तपासायच्या कामाला. बाप मारुतराव, रेल्वेत, कॉलनीत क्वार्टर. आपल्यातलंच घर. आन् आपल्या वयाच्या पोरांना आता स्थळ सांगून येतं का रं? तूच सांग विक्या, तुझ्या घरी शेवटचं कवा कोण आलं व्हतं?

"माझं कशाला काढतोस मधीच?"

बरं, न्हाई काढत. पण कसं हाय, "पोरगा करतो काय?" असं कुणी इचारलं की आमच्या घरात सगळी आपापल्या चपलांकडं बघाया लागायची. मी कंपनीत व्हतो तवा बी कॉन्ट्रॅक्टवरच व्हतो ना. सहा-सात महिने झाले की ब्रेक. गेटपास काढून घ्यायचे, आन् थोड्या दिवसांनी त्याच मशीनवर नवीन माणूस म्हणून पुन्यांदा उभं करायचे. सुपरवायझर मलाच मशीनचं ट्रेनिंग द्यायचा. म्हणायचा, "न्यू जॉईनिंग, लक्ष दे." अरं, त्या मशीनचा आवाज बदलला तर मला झोपेत कळायचं! तिसऱ्यांदा ब्रेक दिला तवा म्हणलं, बास. घेतली गाडी.

आन् खोटं न्हाई बोलत, सुरुवातीला लई भारी वाटलं. कोण पंच मार म्हणत न्हाई, कोण संडासला जाताना घड्याळ बघत न्हाई. पाबळकडं भाडं घेऊन गेलो की येताना वळखीच्या शेतावर थांबून हुरडा खायचो. उन्हाळ्यात एसीत बसून काम, तेबी बुटं न घालता. एकदा एक आजोबा भाडं देऊन उतरले, पुन्हा मागं आले आन् म्हणले, "बाळा, गाडी लई सावकाश चालवतोस, देव तुझं भलं करो." कंपनीत मला कुणी बाळा म्हणलं असतं का? म्हणून म्हणतो, समदंच वाईट न्हाई. वाईट काय ते आता येतंय.

तर मारुतरावांनी मामाच्या हाती निरोप धाडला. आपल्याकडं चौकशी कशी व्हती? पोराच्या गावात यायचं, दूध डेअरीवर उभं ऱ्हायचं, पानटपरीवर हळूच इचारायचं, पोरगा पितो का, घरात कटकटी हायत का. आन् एक तरी भाऊबंद काडी टाकतोच. हे मारुतराव म्हणले, "मी काय कारेगावात येऊन टपरीवर उभा ऱ्हाणार न्हाई. आता समदं मोबाईलमधी असतंय. पोरगा आला की त्यानं मला ते ॲप उघडून दाखवायचं. लोक त्याला काय म्हणत्यात, धंदा चालू हाय का नावापुरता हाय, ते मी माझ्या डोळ्यानं बघणार. पटलं तर पुढचं बोलू."

मला तर उलट बरंच वाटलं. म्हणलं, ॲपात भाऊबंद न्हाईत. काडी टाकणारं कोण हाय तिथं? स्टार माझे चांगले व्हते. पाचाला उलीसं कमी.

फक्त एक लफडं व्हतं. वर पिवळी पट्टी यायला लागली व्हती. ते कसं हाय विक्या, नीट ऐक, हे तुझ्या बी वाट्याला येणार हाय. गिऱ्हाईक गाडीत बसतं आन् म्हणतं, "भाऊ, ॲपवर कॅन्सल कर, पैसे बाहेरून घे, दोघांचा फायदा." आपण न्हाई म्हणलं की ते तोंड वाकडं करून स्टार कमी देतं. व्हय म्हणलं की ॲपला कळतं, कारण कॅन्सल झालेली गाडी बी त्याच रस्त्यानं निघालेली त्याला दिसत असती. दोन्हीकडनं मार आपल्यालाच. तर ॲपनं मला लिवलं व्हतं, कॅन्सल फार झालेत, आता एक जरी केलं तर आयडी बंद. आयडी बंद म्हंजी काय? गाडी दारात, हप्ता चालू, आन् तू घरी.

तर रविवार उजाडला. आमचे आप्पा, म्हंजी वडील, आन् भिमामामा मोटरसायकलीवर पुढं गेले. गाडीत आये आन् आमचा हरिबा आबा. आबानं नवा फेटा बांधलेला, पुढच्या सीटवर बसला की फेटा छताला लागायचा, म्हणून मान वाकडी करून बसलेला. आये मागं, मांडीवर स्टीलचा डबा. रव्याचे लाडू. पोरीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून पहाटे उठून वळलेले.

आन् मी ॲप चालूच ठेवलं व्हतं. तुम्ही म्हणाल का? अरं, मारुतरावांना दाखवायचं व्हतं ना! हिरवा दिवा लागलेला दिसावा, आज बी धंदा चालू हाय असं दिसावं.

मी चावी फिरवली आन् टिंग.

कारेगाव ते दौंड स्टेशन.

सत्या, तू गाडीवाला न्हाईस, तुला न्हाई कळायचं. दौंडचं भाडं म्हंजी एरवी डोक्याला ताप. सोडायला जायचं आन् येताना हवा घेऊन यायची. तिथनं लोक रेल्वेनं जात्यात, ॲप कोण उघडतंय? आन् आज मी तिकडंच चाललेलो, त्याच रस्त्यानं, त्याच टायमाला! ॲपवर दिसतं ते थोडा वेळ, तेवढ्यात इचार कोण करतं? बोट आपसूक गेलं.

आये मागनं म्हणली, "काय वाजलं रं?"

म्हणलं, "लक्ष्मी, आये."

"येडा हायस तू," असं म्हणतोयस ना विक्या? बोट गेल्यावर मला बी तेच वाटलं. गाडीत आधीच दोघं. आता कॅन्सल मारावं तर आयडी बंद, आन् तिकडं मारुतराव मोबाईल बघाया चष्मा पुसून बसलेले. मी गिऱ्हाइकाला फोन लावला. म्हणलं, "सर, गाडी में घर के दो लोग है, दौंड ही जा रहे है, चलेगा क्या?" तिकडनं आवाज आला, "हाँ हाँ, जल्दी आओ, ट्रेन है मेरी." आता त्यानं ऐकून हाँ म्हणलं का न ऐकता, ते देवाला ठाऊक. मी तर व्हय समजलो.

आबाला म्हणलं, "आबा, वाटंत एक माणूस बसणार हाय. त्याच्याशी काय बोलायचं न्हाई."

आबा म्हणाला, "गाडीत आलेल्या पाव्हण्याशी बोलायचं न्हाई? ही कुठली रीत रं?"

लॉजच्या गेटवर साहेब उभा. चाकाची बॅग, खांद्याला लॅपटॉप, कुठल्यातरी कंपनीत ऑडिटला आलेला. मागचं दार उघडलं, आयेला बघितलं, दार लावलं. पुढं जाऊन नंबरप्लेट बघितली. पुन्हा दार उघडलं.

"ये कौन है?"

"सर, मदर है."

"और आगे?"

"ग्रँडफादर है. मैंने फोन पे बताया था, सर."

"मैंने शेअरिंग बुक नहीं किया, भैया."

तेवढ्यात आबा मान वाकडी ठिवूनच मागं वळला आन् म्हणाला, "बैठो, बैठो! अपनेच घर का गाडी है. पैसा-बिसा कुछ नही लेगा."

मी म्हणलं, "आबा, पैसा लेनेका है!"

हसताय काय रं? माझा घाम निघत व्हता. साहेबानं घड्याळ बघितलं आन् बसला. दुसरी गाडी मिळायची न्हाई हे त्याला बी कळलं असणार.

शिरूरपतुर त्याची मीटिंग. लॅपटॉप उघडून इंग्रजीत. आबा हळूच मला म्हणतो, "ते कुणाशी भांडतंय रं एकलंच?" आये मागनं, "गप बसा, मीटिंग हाय ती." मीटिंग संपली तसं आयेला ऱ्हावंना. तिचं म्हणणं, माणूस शेजारी बसलाय आन् आपल्या मांडीवर डबा, न देता कसं न्यायचं? डबा उघडला. साहेब आधी नो नो म्हणला. आयेनं त्याच्या हातावर ठिवलाच. एक खाल्ला. मग आयेनं दुसरा ठिवला, तेबी खाल्ला. बोटं चाटली, विक्या, माझ्या आरशात दिसत व्हतं!

न्हावऱ्याच्या पुढं तर त्यो आबाशीच बोलाया लागला. आबानं त्याला मेंढरांचं समदं सांगितलं, पावसाळा सरला की कसं कोकणात उतरायचं, वाघराच्या, म्हंजी मेंढरं कोंडायच्या जाळीच्या आत पोरं झोपवायची, कुत्रं कसं राखण करायचं. हिंदी कसली, मराठीलाच 'है' लावलेलं. साहेब बी म्हणला, "मेरे नाना के यहाँ भी बकरियाँ थीं." आबा खूश. म्हणाला, "फिर तो तू हमारे में का ही है! चल, लडकी देखने को चल हमारे साथ." साहेब खळाळून हसला. मला वाटलं, चला, जमलं.

मग आबाला लागली. म्हातारा माणूस, काय करणार? बाभळीपाशी थांबलो. साहेब घड्याळ बघाया लागला. आबा येऊन बसला, थोडं पुढं गेलो तर उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वळणावर एक कललेली, निम्मा ऊस रस्त्यावर. दोन्हीकडनं गाड्या खोळंबल्या. साहेबाचं हसू गेलं. "आपने गाडी नहीं रोकी होती तो हम पहले निकल जाते." खरं बी व्हतं ते. मी उतरलो, चार लोकांबरोबर ऊस बाजूला वढला, हाताला कुसळं, नव्या शर्टाला चिकट. बघाया चाललेला नवरा मुलगा बघ!

भीमेच्या पुलावरनं गाडी अशी काढली का इचारू नका. स्टेशनला साहेबाला उतरवलं. त्यो पळत आत गेला, आन् तेवढ्यात भोंग्यावर सांगितलं, त्याची गाडी तासभर लेट. त्यो थांबला, वळून माझ्याकडं बघितलं, हात केला. म्हणला, "ठीक है भैया. शादी के लिए गुड लक." मी ट्रिप संपवली, आन् त्याला पाच स्टार दिले.

"तू दिलेस? त्याला?"

अरं सत्या, सवय! आपल्याला बी द्यावं लागतं गिऱ्हाइकाला. ते दाबल्याबिगर पुढचा स्क्रीन लवकर येत न्हाई, म्हणून न बघताच पाच दाबतो.

मग कॉलनी. जुनं दगडी क्वार्टर, दारात तगर, आत कूलर झाकून ठेवलेला. आप्पा आन् मामा सतरंजीवर आधीच बसलेले, मामा माझ्या शर्टाकडं बघून डोळे वटारतोय. मारुतराव बनियनवर शर्ट घालत बाहेर आले, आबाच्या पाया पडले. माणूस चांगला हाय, मी नावं ठेवत न्हाई. त्यांची आई सोजरबाई कोपऱ्यात खुर्चीवर, डोळ्याला कमी दिसतं, म्हणून मला जवळ बोलवून तोंडावरनं हात फिरवला, मग माझा हात धरला. म्हणली, "हाताला काय चिकटलंय रं तुझ्या?" म्हणलं, "ऊस." म्हणली, "बरं, गोड हाय."

हर्षदा पोहे घेऊन आली. आता तिचं काय सांगू? सांगत न्हाई जा. तुम्ही चेष्टा करताल. एवढंच सांगतो, खाली मान घालून बसणारी न्हाई. मारुतराव म्हणले, "तुला काय इचारायचं असंल तर इचार." तिनं सरळ माझ्याकडं बघून इचारलं, "तुम्ही संध्याकाळी घरी कवा येता?"

आन् विक्या, मी ह्यो प्रश्न मलाच कवा इचारला नव्हता. म्हणलं, "ॲपनं सोडलं की येतो." ती म्हणली, "म्हंजी आमच्या लॅबसारखंच, पण लॅबला रात्री तरी कुलूप लागतं." मामा उगंच मोठ्यानं हसला.

मग मारुतरावांनी चष्मा घातला. "बरं, दाखवा तुमचं ते."

मी फोन काढला. उघडला. हिरवा दिवा न्हाई. सगळा स्क्रीन करडा, आन् मधी लिवलेलं, "तुमचे खाते तपासणीसाठी थांबवण्यात आले आहे." खाली, मागच्या ट्रिपला एक स्टार. त्याच्या खाली, तक्रार: वाहनात अनधिकृत व्यक्ती.

लाडू खाल्ला रं त्यानं. दोन खाल्ले! बोटं चाटली! स्टेशनवर ट्रेनची वाट बघत बसला आन् येळ जावा म्हणून मला एक स्टार दिला!

आता माझ्याकडं जुना स्क्रीनशॉट व्हता, समदे स्टार दिसणारा. मामानं कोपरानं ढोसलं बी, "त्यो दाखव, त्यो दाखव." पण मारुतरावांचं डोकं फोनवर आलेलं व्हतं. वाचलं त्यांनी. आधी मनात, मग मोठ्यानं.

आये म्हणली, "अनधिकृत म्हंजी कोण?"

म्हणलं, "तू, आये. आन् आबा."

"मी? माझ्याच लेकाच्या गाडीत?"

आबानं बंडीच्या खिशातनं प्लॅस्टिकची पिशवी काढली. "माझं आधार कार्ड दाखव त्याला. फोटू हाय त्याच्यावर."

तुम्हाला हसू येतंय. हर्षदाला बी आलं, तिनं तोंडावर हात धरला. मग ती मला म्हणली, "तुम्ही बी गिऱ्हाइकाला स्टार देता का?"

"देतो."

"मग ह्याला किती दिले?"

म्हणलं, "पाच."

मग मात्र तिनं हात काढला आन् मोकळी हसली. पण मारुतराव हसले न्हाईत. चष्मा काढून घडी करून खिशात ठिवला. म्हणले, "कुणाला फोन लावायचा मग आता? तुमच्या साहेबाला?"

"साहेब न्हाई मामा," मी मारुतरावांना बी मामाच म्हणत व्हतो. "मदतीचा नंबर हाय."

"लावा."

समद्यांच्या समोर लावला, स्पीकरवर. मराठीसाठी एक दाबा. दाबला. खात्याच्या अडचणीसाठी तीन दाबा. दाबला. मग बाजा वाजाया लागला. आम्ही समदी, सोजरबाईसकट, त्यो बाजा ऐकत बसलो. पोहे गार झाले. शेवटी बाईचा आवाज, माणसाचा न्हाई, मशीनचा: "आपली विनंती नोंदवली आहे. आम्ही आपल्याला कळवू." कट.

मारुतराव म्हणले, "मला एकदा चार्जशीट मिळालं व्हतं. लाईनीच्या कामात चूक झालेली. साहेब समोर बसला, युनियनचा माणूस माझ्या शेजारी बसला, मी माझं म्हणणं मांडलं. इन्क्रिमेंट गेलं, पण तोंडावर सांगून गेलं. तुमचं कसं हाय, मालक न्हाई म्हणता, मग ही शिक्षा दिली कुणी? ह्या माणसाला तोंड कुठं हाय? मी पोरगी कुणाच्या जिवावर द्यायची?"

खोटं काय व्हतं त्यात? मला तर वाटलं, ह्येच मी त्या मशीनला सांगाया पायजे व्हतं, आन् हे मलाच सांगत्यात. आन् साहेबाचं बी कसं, नियमानं बघितलं तर त्याचं बरोबरच ना? त्यानं अख्ख्या गाडीचं भाडं भरलेलं. मग चूक कुणाची? माझ्या आयेची? लाडवाची? आबाच्या बाभळीची? ह्याच्यानंच डोकं फिरतं विक्या. राग काढायला समोर कोण पायजे ना! कंपनीत निदान सुपरवायझरला मागनं शिव्या घालता येत व्हत्या.

निघताना मारुतराव दारापतुर आले. आयेला म्हणले, "कळवतो."

आता "कळवतो" म्हंजी काय ते तुम्हाला सांगाया नको. आपल्याकडं व्हय असलं की तिथंच साखर वाटत्यात. "कळवतो" म्हणल्यावर कुणी कळवलंय कवा?

परत येताना आये खिडकीतनं बघत बसलेली. काष्टीच्या पुढं आल्यावर एकदाच म्हणली, "मी मोटरसायकलीवर गेले असते रं." त्याच्यापेक्षा तिनं मला थोबाडीत मारली असती तर बरं.

आन् तवापासनं ही तऱ्हा. आयडी बंदच. रोज फोन लावतो, रोज त्यो बाजा. आता मला पाठ झालाय, गुणगुणतो मी. काल आबा म्हणाला, "कसलं गाणं हाय ते?" म्हणलं, "आपल्या नशिबाचं."

तर विक्या, आता तू सांग, तुला...

थांब. फोन. आयला, मारुतराव!

"घे की मग! बघत काय बसलास?"

सत्या, गप. ये विक्या, स्पीकर कशाला दाबतोस... हॅलो, नमस्कार मामा. बोला की.

"नमस्कार. कामात नव्हता ना?"

न्हाई न्हाई, हितं मित्रांबरोबर चहा घेत व्हतो.

"असं हाय, आमच्या आईला शिरूरला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्यायचंय. उद्याच्याला. बसनं तिला जमत न्हाई, आन् हितला गाडीवाला लई हाणत चालवतो, ती घाबरती. ती तुमचंच नाव घेतीय. म्हणली, त्या उसाच्या हाताच्या पोराला बोलवा. येता का? ॲपचं काय करायचंय, तुमचा नंबर हाय माझ्याकडं. भाडं काय असंल ते सांगा."

येतो की मामा. संगं कोण कोण हाय?

"मी हाय. आन् हर्षदा हाय, तिनं सुट्टी टाकलीय."

सत्या, चिमटे काढू नको... न्हाई मामा, तुम्हाला न्हाई म्हणलं, हितं एक येडं हाय. येतो मी. पण एक बोलू का? राग मानू नका.

"बोला."

तुम्ही त्या दिवशी कळवतो म्हणला व्हता. ॲपवाले बी कळवतो म्हणलेत. ते काय कळवणार न्हाईत, त्यांना तोंडच न्हाई, तुम्हीच म्हणला. पण तुम्हाला हाय ना मामा. आईंचे डोळे दाखवून झाले, परत निघालो, की गाडीत मला तोंडावर सांगा. व्हय तर व्हय, न्हाई तर न्हाई. न्हाई म्हणला तरी क्वार्टरच्या दारापतुर नीट सोडीन, सावकाश. वाटंत उतरवायचो न्हाई.

हॅलो? मामा? हायसा का?

"हाय, हाय... अगं, काय न्हाई, बोलतोय मी त्याच्याशी... सकाळी लवकर या. ऊन व्हायच्या आत. आन् रुद्र..."

बोला.

"तुमच्या आई येणार असतील तर त्यांना बी घेऊन या. आमच्या आईला सोबत व्हईल. गाडी माझ्या भाड्याची हाय, मी काय तक्रार करणार न्हाई."

ठिवला.

"मायला रुद्र्या! म्हंजी व्हय का न्हाई?"

म्हंजी भाडं हाय, येड्या. अजून तरी भाडंच हाय. दात काय काढतोस सत्या, चहाचे दे. आन् विक्या, तू शोरूमला जायाचं तर जा, मी व्हय बी म्हणत न्हाई आन् न्हाई बी म्हणत न्हाई. माझ्यासाठी थांबू नको. मला गाडी धुवायचीय. मागच्या सीटवर अजून त्या साहेबानं सांडलेला लाडवाचा रवा पडलाय, मुंग्या लागल्यात त्याला.